तयारीलाही मुदत हवी

खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे साडेपाचला घराबाहेर पडले, तर दोन ठिकाणी हमखास दिवे लागलेले दिसतात. एक दूध संकलन केंद्र आणि दुसरी अभ्यासिका. अभ्यासिकेच्या पायरीवर धुळीने माखलेले बूट ओळीने काढून ठेवलेले असतात, कारण पोलीस भरतीची मुले मैदानावर सोळाशे मीटर धावून, गोळा फेकून, तशीच वाचायला येऊन बसतात. ही मुले आळशी आहेत असे म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्याबरोबर त्या पायरीवर पहाट काढावी. परंतु अमळनेर-पारोळ्याकडच्या एखाद्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने अशाच एका मुलाला हटकून विचारले, "काय करी ऱ्हायना भो आते?" की पाच-पाच, सहा-सहा वर्षे एकच उत्तर ऐकू येते: "तयारी चालू शे."

माझे म्हणणे या एका शब्दाविषयी आहे. आपल्या भागातील पदवीधर मुलामुलींच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची वर्षे, साधारण एकविसाव्यापासून तिसाव्यापर्यंतची, 'तयारी' या नावाखाली खर्ची पडत आहेत आणि त्या तयारीला शेवटची तारीख कोणीच घातलेली नाही. मुलाने घातलेली नाही, आईवडिलांनी नाही, शिकवणाऱ्याने नाही आणि भरती काढणाऱ्या शासनाने तर नाहीच. सरकारी नोकरीची परीक्षा अवश्य द्यावी. पण ती मुदत घालून द्यावी आणि ती मुदत संपण्याआधी, शक्य तर ती चालू असतानाच, लहान का होईना पण नोंद होणारे काम हाती धरावे, असे माझे ठाम मत आहे.

आकडे एकदा शांतपणे समोर ठेवले पाहिजेत. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. आणि अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार, तर राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये. २०२४ मध्ये मैदानी चाचण्या झालेल्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या घरातील जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. निवड न झालेली ती सगळी मुले अपात्र होती असे नव्हे, जागाच तेवढ्या होत्या. वर्गात पहिला येणारा मुलगासुद्धा अशा भरतीत दोन-चार गुणांनी बाहेर राहू शकतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. हे गणित मुलांना कळत नाही असे मुळीच नाही. त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले कळते, परंतु थांबायचे कधी हे ठरवण्याची सोय त्यांना कोणी करून दिलेली नाही. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. उशिरा शिकलेल्यांना ही सवलत न्यायाची आहे, मात्र घराघरांत तिचा अर्थ 'अजून वय आहे ना' असा घेतला जातो आणि तेवढ्यावर आणखी एक वर्ष निघून जाते. त्यातच जाहिराती वेळेवर निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा लांबतात आणि परीक्षा झाली तर निकाल अडकतो. उमेदवाराची दोन-दोन वर्षे अशी टांगून ठेवण्याचा हक्क कोणत्याही शासनाला नाही आणि हा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

याच तयारीसाठी मी स्वतः १९९७ ते २००० अशी तीन वर्षे पुण्यात नारायण पेठेत एका खोलीत पाच जणांबरोबर कॉट बेसिसवर राहिलो. पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षा एकदाही नाही. माझे वडील यावल तालुक्यात केळी लावत आणि बागेची वही ठेवत. कोणत्या गटात मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची लागवड, कोणत्या गटात कांदेबाग म्हणजे पावसाळ्याअखेरची, लागवड कोणत्या तारखेला झाली, निसवण म्हणजे घड बाहेर पडणे कधी सुरू झाले, पहिला घड कधी कापला, गाडी कोणत्या व्यापाऱ्याला गेली, हे सगळे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेले असे. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी मला पाठवलेल्या मनिऑर्डरी टिपलेल्या होत्या. रक्कम होती, तारीख होती, आणि त्यापुढचा रकाना कोरा होता. परत आल्यावर ते पान माझ्या दृष्टीस पडले. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. परंतु केळीला लागवडीच्या दिवशीच कापणीचा महिना मोजून ठेवणारा हा माणूस माझ्या बाबतीत ते का करू शकला नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि तो आजही मी दुसऱ्यांच्या वडिलांना विचारतो.

पुढे मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक पाईपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो, सहा वर्षांनी कर्मचारी विभागात गेलो आणि त्यानंतर सतरा वर्षे मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसलो. त्या खुर्चीवरून जे दिसले ते असे. बावीस वर्षांचा आणि एकोणतीस वर्षांचा असे दोन पदवीधर एकाच शिकाऊ जागेसाठी येतात. पगार दोघांना सारखाच मिळणार असतो. एकोणतीस वर्षांच्या मुलाचे सामान्य ज्ञान, लेखन आणि शिस्त बहुधा सरस असते, तरीही कारखानदार त्याला घ्यायला कचरतो. त्याची पहिली भीती अशी, की पुढची जाहिरात निघाली की हा सोडून जाईल. आणि दुसरी अशी, की पंचवीस वर्षांच्या सुपरवायझरच्या हाताखाली याला काम करणे जड जाईल. दोन्ही भीती पूर्णपणे खोट्या नाहीत. तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्याने या दोन गोष्टींचे उत्तर विचारण्याआधीच द्यावे. "मी चार वर्षे परीक्षा दिल्या, आता थांबलो आहे, किमान दोन वर्षे इथे राहीन, आणि वयाने लहान माणसाकडून शिकायला मला संकोच नाही," एवढे सरळ सांगणारी मुले मी घेतली आहेत आणि त्यांनी मला सहसा निराश केले नाही. रिकामी वर्षे लपवण्यासाठी कुठल्या तरी ओळखीच्या दुकानाचे अनुभवाचे खोटे पत्र आणणारे मात्र पहिल्या दोन प्रश्नांतच उघडे पडत.

मुदत किती असावी, हे प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. माझा सल्ला पदवीनंतर पूर्ण वेळ चोवीस महिन्यांचा किंवा दोन पूर्ण प्रयत्नांचा असतो. यांपैकी जे आधी संपेल ते धरावे. तारीख कागदावर लिहावी आणि ती आईवडिलांच्या समोर लिहावी, म्हणजे पुढे मन विरघळले तर धरून ठेवायला कोणीतरी असते. त्या तारखेनंतर परीक्षा देऊ नये असे नाही. नोकरी करत पहाटे दोन तास अभ्यास करून उत्तीर्ण झालेली माणसे प्रत्येक कचेरीत भेटतात. फरक इतकाच, की तोपर्यंत हातात पगार असतो, कामाची नोंद असते आणि निकाल उलट लागला तरी माणूस शून्यावर येत नाही.

या म्हणण्यावर जो आक्षेप घेतला जातो तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आक्षेप असा, की आमच्या भागात खासगी नोकरी म्हणजे तरी काय? बारा तासांची पाळी, ठेकेदाराच्या नावावर हजेरी, हातात रोख दहा-बारा हजार, पावती नाही, भविष्य निर्वाह निधी नाही आणि दिवाळीनंतर कधीही 'उद्यापासून येऊ नको'. अशा नोकरीसाठी परीक्षा सोडायची? शिवाय मुलीचा बाप स्थळ पाहायला आला की पहिला प्रश्न 'सरकारी का?' असाच असतो. हे सर्व मी जवळून पाहिले आहे. ज्या कारखान्यात मी पहिली नोकरी केली, त्यानेही पहिले चौदा महिने मला कागदावर दाखवलेच नव्हते आणि ते चौदा महिने माझ्या सेवेत कधीच धरले गेले नाहीत. त्या अनुभवातून मला एवढेच उमगले, की खासगी नोकरी चांगली की वाईट हे तिच्या नावावरून ठरत नसून तिच्या कागदांवरून ठरते, आणि ते कागद मागणे हा नोकरी शोधण्याचाच भाग आहे.

म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी चार गोष्टी विनयाने, पण स्पष्ट विचारल्या पाहिजेत. मी कंपनीच्या पटावर असेन की ठेकेदाराच्या? नेमणुकीचे पत्र मिळेल का? दरमहा पगारपत्रक मिळेल का? आणि भविष्य निर्वाह निधी कापला जाईल का? वीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला हा निधी लागू होतो. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या बारा टक्के तुमच्याकडून कापले जातात आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. मालकाच्या त्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात. या निधीतील तुमचा ओळख क्रमांक, म्हणजे यूएएन क्रमांक, आयुष्यभर एकच राहतो. तो मिळाला की सरकारच्या उमंग अॅपवर पासबुक उघडून पैसे खरोखर जमा होतात का, हे पहिल्या तीन महिन्यांतच पाहावे, कारण पगारातून कापलेली रक्कम न भरणारे मालकही आहेत. महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असणाऱ्याला कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची योजना आहे. तीत कामगाराच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो आणि त्यावर सबंध कुटुंबाच्या औषधोपचाराची सोय होते. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात उधारीची चिठ्ठी घेऊन फिरलेल्या घराला या पाऊण टक्क्याचे मोल कळेल.

इथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होताना दिसते, म्हणून ती सविस्तर सांगतो. मुलगा जळगावची नोकरी सोडून पुण्याकडे चाकणला जातो, तिथून दीड वर्षाने रांजणगावला आणि प्रत्येक वेळी जुना निधी काढून मोटारसायकलचा हप्ता किंवा बहिणीच्या लग्नाचा खर्च भागवतो. निधीसोबत तो निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढतो. त्या निवृत्तिवेतनाला पात्र होण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि रक्कम काढली की आधीची वर्षे त्या मोजणीतून जातात. पस्तिसाव्या वर्षी असा मुलगा बारा वर्षे राबलेला असूनही कागदावर दोन वर्षांचा नोकरदार असतो. नोकरी बदलली तर खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घ्यावे, पैसे काढू नयेत. आणि जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गेटच्या बाहेर पाऊल टाकू नये. भांडून सोडलेल्या नोकरीचे प्रमाणपत्र मागायला दोन वर्षांनी परत जाणे किती जिवावर येते, ते मी असंख्य चेहऱ्यांवर पाहिले आहे.

आता प्रश्न असा, की काम आहे कुठे? आपल्याकडे 'कंपनी' म्हटले की पुण्याजवळची हिंजवडी डोळ्यांसमोर येते. त्या हिंजवडीत मोठा पसारा असलेल्या विप्रोचा जन्म अमळनेरचा आहे; २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून तिची नोंदणी झाली आणि आजही अमळनेरला विप्रो समूहाचा कारखाना आहे. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी राजपत्रित पदाची संधी सोडून १९६३ मध्ये जळगावात सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला, हेही आपण व्याख्यानांतून अनेकदा ऐकतो. अशी उदाहरणे देऊन मुलांना 'तुम्हीही उद्योजक व्हा' असे सांगणे मला फारसे प्रामाणिक वाटत नाही, कारण ज्या घरावर सोसायटीचे कर्ज आहे त्या घरातील मुलाला पहिल्यांदा दरमहा येणारा पगार हवा असतो. परंतु त्या उद्योगांमागोमाग जी कामे इथे उभी राहिली ती बघायला काय हरकत आहे? जळगावात ठिबक सिंचनाचे व पाईपचे कारखाने आहेत, चटईचे आहेत, डाळ मिलची मोठी रांग आहे. रावेर-यावलच्या केळीमागे फळ पिकवण्याची रायपनिंग चेंबर, पॅकिंग आणि निर्यातीची कागदपत्रे आली आहेत. भुसावळला रेल्वे आहे, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. शिरपूरला कापड उद्योग आहे, नंदुरबारला मिरचीचा बाजार आहे आणि धुळे तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौकात बसलेले शहर आहे. तिथे मालवाहतूक, गोदाम आणि वर्कशॉप यांत हिशेब व संगणक जाणणारी माणसे सतत लागतात.

यांतील रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीकडे आमच्या आयटीआयच्या मुलांचे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मध्य रेल्वे भुसावळ विभागातही उमेदवार घेते. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. आणि हे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांसाठी रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील भरतीत वीस टक्के जागा राखलेल्या असतात. म्हणजे सरकारी नोकरीचीच ओढ असली, तरी तिच्याकडे जाणारी वाट अभ्यासिकेपेक्षा वर्कशॉपमधून अधिक जवळची असू शकते. पदवीधरांसह बारावी व आयटीआयच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत सुरुवातीला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावीला सहा हजार, आयटीआय व पदविकेला आठ हजार आणि पदवीला दहा हजार विद्यावेतन ठेवले होते. ते संपल्यावर पुढे काय, हा मुलांचा राग मला समजतो, कारण शासनाने त्याचे उत्तर आधीच द्यायला हवे होते. तरीसुद्धा अशा काळात ज्यांनी टंकन, हिशेब, नोंदवही, तक्रारींचा पाठपुरावा अशी कामे अंगावर घेतली त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला मी पाहिला आहे.

बायोडेटाबद्दल थोडे थांबून सांगायचे आहे, कारण आमची मुले स्वतःचे सर्वाधिक नुकसान तिथे करून घेतात. गेल्या वर्षी पारोळा तालुक्यातील एक मुलगा रविवारी माझ्याकडे आला. रसायनशास्त्रात बी.एस्सी., तीन वर्षे तयारी, त्यानंतर सहा महिने नोकरीचा शोध. झेरॉक्सच्या दुकानातून करून आणलेला दोन पानी बायोडेटा त्याने पुढे केला. वरच्या चार ओळी कुठून तरी उतरवलेल्या इंग्रजीत होत्या, ज्यांचा अर्थ त्याला स्वतःलाही नीट सांगता आला नाही. खाली वडिलांचे नाव, धर्म, जात, छंद म्हणून 'वाचन आणि क्रिकेट', आणि अनुभवाच्या रकान्यात 'निरंक'. मी त्याला विचारले, घरी शेती किती? साडेचार एकर, कापूस आणि लिंबू, ठिबकवर. ठिबक कोण पाहते? मीच पाहतो, म्हणाला. ड्रिपर बंद पडले तर काय करतो? तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा बोलू लागला. आमच्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार, म्हणून वर्षातून दोनदा आम्ल प्रक्रिया करतो. आधी बादलीत पाणी घेऊन किती आम्लाने सामू, म्हणजे पीएच, चारपर्यंत खाली येतो ते पट्टीवर पाहतो, मग व्हेंचुरीतून ठिबकच्या नळीत सोडतो, लाईन रात्रभर बंद ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी टोकाचे एंडकॅप काढून फ्लश करतो. आम्लात पाणी ओतायचे नाही, पाण्यात आम्ल ओतायचे, हेही त्याने मला न विचारता सांगितले. शेजारच्या सहा शेतकऱ्यांची लाईन तोच साफ करून देतो.

हा सगळा अनुभव त्याने 'निरंक' म्हणून लिहिला होता. आम्ही तो बायोडेटा एका पानावर, साध्या मराठीत नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत तो काय करू शकतो ते आले: ठिबक संचाची देखभाल, पाण्याचा सामू मोजून आम्ल प्रक्रिया, फिल्टरची स्वच्छता, तीन वर्षे, सात शेतांवर. मग शिक्षण, मग परीक्षेची वर्षे लपवून न ठेवता एका ओळीत, मग संगणकावर त्याला खरोखर जे येते तेवढेच. जात, धर्म आणि छंद काढून टाकले. खानदेशातील प्रत्येक शेतकरी घरातल्या मुलाजवळ असे काही ना काही असते. कुणी जिनिंगच्या हंगामात वजनकाट्यावर बसलेला असतो, कुणी बाजार समितीत लिलावाच्या पट्ट्या लिहितो, कुणी गावच्या सप्त्याची वर्गणी आणि जेवणाच्या पाचशे पानांचा हिशेब सांभाळतो. कामाला नाव देता आले पाहिजे, त्याला संख्या जोडता आली पाहिजे, एवढे शिकवायला एक तास लागतो. आणि आमच्या महाविद्यालयांत तीन वर्षांत तो एक तास मिळत नाही.

नोकरी कळते कशी, हेही मुलांना कोणी सांगत नाही. मोठ्या कंपन्या संकेतस्थळावर जाहिरात देतात, परंतु जळगाव-धुळ्याच्या लहान आणि मध्यम कारखान्यांत जागा रिकामी झाली की मालक आधी आपल्या सुपरवायझरला विचारतो, सुपरवायझर आपल्या माणसांना विचारतो आणि आठवड्यात जागा भरते. मुले याला वशिला म्हणतात आणि हताश होतात. मी या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. लायकी नसताना आत घुसवतो तो वशिला, आणि 'हा मुलगा मी पाहिला आहे, कामाला नेटका आहे' असे सांगतो तो परिचय. परिचय कष्टाने मिळवता येतो. आपल्याच महाविद्यालयातून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दहा जणांची यादी करावी, त्यांना नोकरी मागू नये, तर 'तुमच्याकडे काम कसे चालते, कोणत्या महिन्यात माणसे घेतात, मी काय शिकून यावे' असे विचारावे. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो. सल्ला मागितला की बहुतेक जण मनापासून बोलतात, आणि जागा निघाली की त्यांनाच आपली आठवण होते. कुठे अर्ज दिला, कोणाला भेटलो, काय उत्तर आले, पुन्हा कधी विचारायचे, याची वही ठेवावी. अर्ज दिल्यानंतर दहा-बारा दिवसांनी एकदा फोन करणे हा लोचटपणा नव्हे.

मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि ती मुलींच्या अंगी नाही. एरंडोल, धरणगाव, पाचोरा या गावांतून जळगावला रोज ये-जा करता येते आणि मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्याने तो खर्चही निम्म्यावर आला आहे. तरी घरून परवानगी मिळते ती 'लग्न होईपर्यंत' या अटीवर, आणि म्हणून मुली स्वतःही कामाकडे तात्पुरते म्हणून पाहू लागतात. मी पालकांना एवढेच विनवतो, की मुलीची पहिली तीन वर्षे मोडू नका. तीन वर्षांचा सलग अनुभव आणि चालू यूएएन क्रमांक असलेली मुलगी सासर धुळ्याला असो की नाशिकला, तिथे पुन्हा उभी राहू शकते. मध्येच तोडलेली सहा महिन्यांची नोकरी तिला कुठेच नेत नाही. कारखानदारांनीही पाळीची वेळ शेवटच्या एस.टी.शी जुळवली, तर त्यांना मिळणारी माणसे दुपटीने वाढतील; हे मी आमच्या पॅकिंग विभागात प्रत्यक्ष करून पाहिले होते.

पुणे किंवा सुरतेला जाऊ नये, असे मी म्हणत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, धडगाव-अक्कलकुव्याकडे तर बाहेर पडण्यावाचून अनेकांपुढे दुसरा मार्गच नाही. मात्र हातात कसब, ओळखीच्या दोन माणसांचे पत्ते आणि तीन महिन्यांचा खर्च घेऊन जाणे वेगळे, आणि 'पुण्यात काहीतरी होईल' म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या मुलांनाच नोकरी लावून देणारे गाठतात. जो कोणी अनामत, गणवेश, ओळखपत्र किंवा प्रशिक्षण अशा कोणत्याही नावाने आधी पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हे. फोनवरून किंवा ऑनलाइन असे पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

राहता राहिला प्रश्न महाविद्यालयांचा. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. धुळे-जळगावच्या मुलांना पदवीसाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे पाहावे लागू नये, ही त्यामागची भावना होती आणि ती सफल झाली. आता प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या दारावर आणखी एक फलक लावावा, अशी माझी मागणी आहे: तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतील किती जण आज पगारपत्रक मिळणाऱ्या नोकरीत आहेत, किती जण स्वतःचे काम करतात, किती जण पुढे शिकतात आणि किती जण तयारीत आहेत. नावे नकोत, फक्त चार आकडे. प्रवेशाच्या वेळी बारावीचा मुलगा आणि त्याचे वडील तो फलक वाचतील, चौथ्या आकड्यापाशी थांबतील आणि प्राध्यापकांना जे विचारायचे ते तिथेच विचारतील. एका प्राचार्यांना मी हे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, माहिती गोळा करायला माणूस नाही. मी त्यांना म्हणालो, एक तुकडी माझ्याकडे द्या, मी फोन करतो. एकशे अठरा क्रमांकांची ती यादी सध्या माझ्या टेबलावर आहे आणि त्यांपैकी एकसष्ट जणांशी बोलून झाले आहे.